ॲड्रिएन रिच

ॲड्रिएन सेसिल रिच (१६ मे, १९२९ – २७ मार्च, २०१२) या अमेरिकन कवयित्री, निबंधकार व स्त्रीवादी विचारवंत होत्या. 'डायव्हिंग इन्टू द रेक' (१९७३) आणि 'द ड्रीम ऑफ अ कॉमन लँग्वेज' (१९७८) हे कवितासंग्रह, मातृत्वावरील 'ऑफ वूमन बॉर्न' (१९७६) हा ग्रंथ आणि 'कम्पल्सरी हेटरोसेक्शुॲलिटी अँड लेस्बियन एक्झिस्टन्स' (१९८०) हा निबंध यांसाठी त्या विशेष ओळखल्या जातात. विवाह, मातृत्व आणि स्त्री-पुरुष आकर्षण या 'नैसर्गिक' म्हणून गृहीत धरल्या जाणाऱ्या गोष्टींमागे इतिहास आणि सत्ता आहे, हे त्यांच्या लेखनाचे मुख्य सूत्र होय. हे सूत्र त्यांना प्रथम वाचनातून नव्हे, तर स्वतःच्या आयुष्यातून सापडले. त्यामुळे त्यांच्या बाबतीत जीवनक्रम आणि लेखन वेगळे सांगणे कठीण आहे.

बालपण व शिक्षण

रिच यांचा जन्म अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर येथे झाला. वडील आर्नल्ड राइस रिच हे जॉन्स हॉपकिन्स येथे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. ते ज्यू होते, परंतु घरात त्या वारशाचा उच्चार क्वचितच होई. आई हेलन जोन्स या प्रॉटेस्टंट घराण्यातील पियानोवादक व संगीतरचनाकार होत्या. विवाहानंतर त्यांनी आपली कारकीर्द सोडली आणि दोन्ही मुलींना प्राथमिक शिक्षण घरीच दिले. वडिलांच्या ग्रंथसंग्रहात ब्लेक, कीट्स, टेनिसन हे कवी होते. त्यांच्या कविता उतरवून काढणे आणि त्या वळणावर स्वतः लिहिणे हा ॲड्रिएनचा लहानपणीचा अभ्यास होता. आपण कित्येक वर्षे एका विशिष्ट पुरुष वाचकाला, म्हणजे वडिलांना, संतुष्ट करण्यासाठी लिहीत होतो, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे.

१९५१ साली त्या रॅडक्लिफ महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्याच वर्षी कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी येल विद्यापीठाच्या नवकवींच्या मालेसाठी त्यांच्या 'अ चेंज ऑफ वर्ल्ड' या पहिल्या संग्रहाची निवड केली. ऑडेन यांनी प्रस्तावनेत या कवितांचे कौतुक केले ते मुख्यतः त्यांच्या नीटनेटकेपणाचे आणि वडीलधाऱ्यांविषयीच्या आदराचे. एकवीस-बावीस वर्षांच्या कवयित्रीला ही स्तुती सुखावणारी वाटली असेल, परंतु पुढील आयुष्यात रिच यांनी नेमके हेच गुण एकेक करून टाकून दिले.

विवाह आणि आठ वर्षांचे अंतर

१९५३ मध्ये त्यांनी हार्वर्ड येथील अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड कॉनराड यांच्याशी विवाह केला. कॉनराड पूर्व युरोपीय ज्यू कुटुंबातून आले होते. रिच यांच्या आईवडिलांना हा विवाह मान्य नव्हता आणि ते लग्नाला आले नाहीत. १९५५, १९५७ आणि १९५९ या वर्षांत त्यांना तीन मुलगे झाले. 'द डायमंड कटर्स' हा दुसरा संग्रह १९५५ मध्ये निघाला आणि तिसरा थेट १९६३ मध्ये. मधल्या काळात त्या मुलांच्या झोपेच्या वेळेत, ग्रंथालयात मिळालेल्या तासाभरात, तुकड्यातुकड्यांनी लिहीत होत्या.

याच काळात, १९५६ च्या सुमारास, त्यांनी प्रत्येक कवितेखाली तिचे लेखनवर्ष घालायला सुरुवात केली. कविता ही कालातीत व स्वयंपूर्ण वस्तू असते, असे मानणाऱ्या तत्कालीन समीक्षेला हे रुचणारे नव्हते. रिच यांच्या दृष्टीने मात्र कविता ही एका चालू असलेल्या प्रवासातील नोंद होती आणि ती केव्हा लिहिली गेली हे वाचकाला कळणे आवश्यक होते.

'स्नॅपशॉट्स ऑफ अ डॉटर-इन-लॉ' (१९६३) या संग्रहाची शीर्षककविता १९५८ ते १९६० या काळात लिहिली गेली. तिचे दहा भाग आहेत. स्वयंपाकघरात, आरशापुढे, पुस्तकांत अडकलेल्या अनेक स्त्रियांची चित्रे त्यांत येतात. या कवितेतही आपण 'मी' म्हणण्याचे धैर्य केले नाही, 'ती'च्या आडून बोललो, असे रिच यांनी नंतर स्वतःच दाखवून दिले. काही समीक्षकांना ही कविता फार कडवट आणि वैयक्तिक वाटली.

न्यूयॉर्क, गालिब आणि राजकारण

१९६६ मध्ये कुटुंब न्यूयॉर्क येथे आले. व्हिएतनाम युद्धाला विरोध आणि नागरी हक्कांची चळवळ यांचे ते दिवस होते. १९६८ पासून रिच सिटी कॉलेजमधील 'सीक' या कार्यक्रमात शिकवू लागल्या. वंचित वस्त्यांतील, मुख्यतः कृष्णवर्णीय व पोर्टोरिकन विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी तयार करणे हा त्याचा हेतू होता. ऑड्रे लॉर्ड, जून जॉर्डन, टोनी केड बाम्बारा या लेखिकाही तेथे शिकवीत होत्या.

भारतीय वाचकांना विशेष रस वाटावा असा एक प्रसंग याच काळातील आहे. गालिबच्या मृत्यूच्या शताब्दीनिमित्त भारतात जन्मलेले समीक्षक एजाज अहमद यांनी काही अमेरिकन कवींना गालिबच्या गझलांची शब्दशः इंग्रजी भाषांतरे व टिपा दिल्या आणि त्यांवरून कविता रचण्यास सुचवले. रिच त्या कवींपैकी एक होत्या. हा संग्रह १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि रिच भाषांतरावर थांबल्या नाहीत. १९६८ च्या उन्हाळ्यात त्यांनी गालिबला अर्पण केलेली स्वतःची गझलमालिका लिहिली आणि ती 'लीफलेट्स' (१९६९) मध्ये समाविष्ट केली. मराठी गझलेच्या वाचकाला त्यांत रदीफ, काफिया किंवा वृत्त यांपैकी काहीच सापडणार नाही आणि केवळ आकृतिबंध पाहता या रचनांना गझल म्हणणे धाडसाचे ठरेल. त्यांनी घेतला तो एकच गुण: प्रत्येक शेर स्वतंत्र असूनही एकामागून एक ठेवल्यावर त्यांच्यात निर्माण होणारा ताण. दंगली, युद्ध आणि मोडत चाललेली घरे यांनी भरलेल्या त्या वर्षासाठी त्यांना असाच तुटक आणि तरीही जोडलेला घाट हवा होता. या रचनांखाली केवळ वर्ष नव्हे, तर दिवसाची तारीखही आहे.

१९७० मध्ये रिच पतीपासून विभक्त झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉनराड यांनी आत्महत्या केली. या घटनेविषयी रिच यांनी दीर्घकाळ फारसे लिहिले नाही.

'डायव्हिंग इन्टू द रेक' आणि राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार

१९७१ मध्ये दिलेल्या 'व्हेन वी डेड अवेकन' या व्याख्यानात (शीर्षक इब्सेनच्या अखेरच्या नाटकाचे) त्यांनी जुन्या साहित्याकडे नव्या नजरेने पुन्हा पाहणे ही स्त्रियांसाठी जगण्याची गरज आहे, असे प्रतिपादन केले. दोन वर्षांनी आलेल्या 'डायव्हिंग इन्टू द रेक'च्या शीर्षककवितेत हाच विचार प्रतिमेच्या रूपात येतो. एक पाणबुड्या एकटाच समुद्रतळाशी बुडालेल्या जहाजाचे अवशेष तपासण्यास उतरतो. जुन्या दंतकथांवर विसंबून न राहता झालेली हानी आणि टिकून राहिलेले धन स्वतः पाहणे हा त्याचा हेतू आहे. तळाशी पोचल्यावर ही व्यक्ती स्त्री आणि पुरुष दोन्ही होते.

या संग्रहाला १९७४ चा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार ॲलन गिन्सबर्ग यांच्या संग्रहासोबत विभागून मिळाला. त्याच वर्षी ऑड्रे लॉर्ड आणि ॲलिस वॉकर यांनाही नामांकन होते. पुरस्कार कोणालाही मिळाला, तरी तो व्यक्ती म्हणून स्वीकारायचा नाही, असे तिघींनी आधीच ठरवून संयुक्त निवेदन तयार केले होते. त्यानुसार रिच यांनी तो तिघींच्या वतीने आणि ज्यांचा आवाज कधी ऐकला गेला नाही अशा सर्व स्त्रियांच्या नावे स्वीकारला.

'ऑफ वूमन बॉर्न'

हा रिच यांचा सर्वांत महत्त्वाचा गद्यग्रंथ मानता येईल. त्याचा आधारभूत भेद साधा आहे. स्त्रीचे आपल्या प्रजननशक्तीशी आणि मुलांशी असलेले नाते ही एक गोष्ट, आणि ते नाते पुरुषांच्या नियंत्रणाखाली ठेवणारी 'मातृत्व' नावाची संस्था ही दुसरी. रिच यांची टीका दुसऱ्या गोष्टीवर आहे. ग्रंथाचा आरंभ १९६० च्या सुमाराच्या त्यांच्या रोजनिशीतील उताऱ्यांनी होतो. मुलांवरील उत्कट प्रेम आणि त्याच मुलांविषयीचा संताप त्यांत शेजारी शेजारी आहेत. सुईणींच्या हातून प्रसूतीची विद्या पुरुष वैद्यांकडे कशी गेली, याचा इतिहास मधल्या प्रकरणांत येतो. तिसऱ्या मुलानंतर रिच यांनी संततिनियमनाची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा स्वतःची इच्छा हे कारण पुरेसे धरले गेले नाही. तरुणपणीच जडलेला संधिवात हे कारण मात्र डॉक्टरांच्या मंडळाला मान्य झाले. अखेरचे प्रकरण शिकागोजवळील एका आठ मुलांच्या आईने १९७४ मध्ये आपल्या दोन धाकट्या मुलांची हत्या केल्याच्या घटनेपासून सुरू होते. रिच त्या कृत्याचे समर्थन करीत नाहीत. त्या एवढेच विचारतात की, अशी घटना घडेपर्यंत त्या घरात काय चालले होते हे कोणी पाहिले होते का.

लेस्बियन कवयित्री म्हणून

१९७६ मध्ये जमैकात जन्मलेल्या लेखिका मिशेल क्लिफ यांच्याशी रिच यांचे सहजीवन सुरू झाले. ते रिच यांच्या मृत्यूपर्यंत टिकले. त्याच वर्षी 'ट्वेंटी-वन लव्ह पोएम्स' ही पुस्तिका निघाली. ती पुढे 'द ड्रीम ऑफ अ कॉमन लँग्वेज' मध्ये समाविष्ट झाली. नावात एकवीस असले तरी कविता बावीस आहेत: शरीरसुखाची थेट कविता क्रमांकाविना मालिकेत ठेवलेली आहे. दोन स्त्रियांचे प्रेम येथे मॅनहॅटनच्या गजबजलेल्या रस्त्यांवर, टपाल आणि किराणा यांच्यामध्ये घडते. प्रेमकवितेच्या पाश्चात्त्य परंपरेत असे दैनंदिन, प्रौढ आणि उघड चित्रण विरळ होते. १९८१ ते १९८३ या काळात रिच आणि क्लिफ यांनी 'सिनिस्टर विस्डम' या लेस्बियन नियतकालिकाचे संपादन केले.

'कम्पल्सरी हेटरोसेक्शुॲलिटी' हा निबंध 'साइन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्त्रिया स्वभावतः पुरुषांकडे ओढल्या जातात, हे स्त्रीवादी अभ्यासकही तपासून पाहत नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. ही ओढ इतकी नैसर्गिक असेल, तर ती टिकवण्यासाठी आर्थिक परावलंबन, बालविवाह, हिंसा आणि लेस्बियन जीवनाचे पुरावे पुसून टाकणे यांची गरज का भासावी? या मांडणीसाठी त्यांनी मानववंशशास्त्रज्ञ कॅथलीन गॉफ यांनी दिलेली पुरुषसत्तेच्या आठ लक्षणांची यादी विस्तारली. केरळमधील नायर समाजाच्या मातृवंशीय कुटुंबपद्धतीवर संशोधन करणाऱ्या त्याच या गॉफ. स्त्रियांमधील मैत्री, परस्परसाह्य आणि प्रतिकार यांपासून शारीरिक प्रेमापर्यंत रिच यांनी एकच सलग पट्टा कल्पिला. यामुळे लेस्बियन या शब्दातील लैंगिकताच पातळ होते, अशी टीका झाली. निबंधाच्या पुढील पुनर्मुद्रणात त्यांनी आक्षेपकांशी झालेला पत्रव्यवहार जोडला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जॅनिस रेमंड यांच्या पारलिंगी स्त्रियांविरुद्ध लिहिलेल्या 'द ट्रान्ससेक्शुअल एम्पायर' (१९७९) या पुस्तकात रिच यांचे आभार मानलेले आहेत आणि आजच्या वाचनात हा संबंध वारंवार उपस्थित केला जातो.

स्थानाचे राजकारण

'सर्व स्त्रिया' या शब्दप्रयोगाविषयी रिच यांना स्वतःलाच हळूहळू शंका वाटू लागली. १९७९ मध्ये ऑड्रे लॉर्ड यांच्याशी झालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रित संवादात गोरी स्त्री आणि काळी स्त्री यांच्यातील अंतर मैत्रीतही कसे उरते, हे दोघी स्पष्टपणे बोलतात. 'स्प्लिट ॲट द रूट' (१९८२) मध्ये त्यांनी वडिलांनी झाकून ठेवलेल्या ज्यू वारशाचा हिशेब मांडला. १९८४ मध्ये नेदरलँड्समधील उत्रेख्त येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी 'स्थानाचे राजकारण' ही संकल्पना मांडली: विचाराचा आरंभ सर्वसामान्य 'स्त्री'पासून नव्हे, तर स्वतःच्या शरीरापासून, म्हणजे त्याचा वर्ण, देश आणि त्याला मिळालेल्या सवलती यांपासून करावा. मुंबईत जन्मलेल्या अभ्यासक चंद्रा तळपदे मोहंती यांनी पाश्चात्त्य स्त्रीवादाच्या आपल्या चिकित्सेत या संकल्पनेचा उपयोग केला.

उत्तरायुष्य

१९८४ पासून रिच कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे राहिल्या. 'ॲन ॲटलास ऑफ द डिफिकल्ट वर्ल्ड' (१९९१), 'डार्क फील्ड्स ऑफ द रिपब्लिक' (१९९५), 'द स्कूल अमंग द रुइन्स' (२००४) हे त्यांचे उत्तरकालीन संग्रह होत. १९९४ मध्ये त्यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. १९९७ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या काळात जाहीर झालेले राष्ट्रीय कलापदक त्यांनी नाकारले. देशात वांशिक व आर्थिक विषमता वाढत असताना काही निवडक कलावंतांचा सन्मान करणे म्हणजे कलेला सत्तेची शोभा बनवणे होय, असे त्यांनी कळवले. २००६ चे नॅशनल बुक फाउंडेशनचे पदक मात्र त्यांनी स्वीकारले.

साठ वर्षे सोबत असलेल्या संधिवाताच्या गुंतागुंतीमुळे २७ मार्च, २०१२ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी सांताक्रूझ येथे त्यांचे निधन झाले. १९५० ते २०१२ या काळातील त्यांच्या कवितांचा एकत्रित खंड क्लॉडिया रँकिन यांच्या प्रस्तावनेसह २०१६ मध्ये प्रकाशित झाला. मिशेल क्लिफ यांचे त्याच वर्षी जूनमध्ये निधन झाले.