पगारी रजा फक्त मलाच का?

ज्यांचा एपिसोड ऐकायचा राहिला, त्यांच्यासाठी हा लेखी. विरार लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचून होईल एवढाच आहे.

गेल्या पावसाळ्यात मी तापाने चार दिवस घरी होतो. सिक लीव्ह होती, पगार पूर्ण आला. त्याच महिन्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशीही चार दिवस तापाने पडल्या. महिनाअखेरीस मी एक्सेल उघडलं आणि त्यांचे चार दिवस कापले. आई एवढंच म्हणाली, "तुझे कापले का रे कुणी?"

काय बोलणार?

कॅथलिक सामाजिक शिकवण म्हटलं की वाटतं, हा धर्मगुरूंचा विषय. पण ती सुरू होते ती अशाच हिशेबातून. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे पत्र लिहिलं. युरोपात तेव्हा कारखान्यांतले कामगार भरडले जात होते. पत्रातला एक मुद्दा साधा आहे: दोघांनी मिळून मजुरी ठरवली, एवढ्यावर ती न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी माणूस कमी पैशालाही हो म्हणतो. साधेपणाने राहणाऱ्या कामगाराचं त्यात भागलं पाहिजे. "मावशीच तयार झाल्या ना एवढ्याला!" या आपल्या नेहमीच्या वाक्याला हे उत्तर आहे. आणि विषय जुना झालेला नाही. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ चौदावे हे नाव घेतलं, ते याच पत्राची आठवण ठेवून. आता एआयमुळे कामगारांपुढे तसाच प्रश्न आहे, असं ते म्हणाले. म्हणजे उद्या माझाही नंबर लागू शकतो!

मी कापलेले पैसे परत दिले. मावशींनी मोजले आणि विचारलं, "पुढच्या महिन्यात वळते करणार ना?" त्यांना ती उचल वाटली. हे मला जास्त लागलं.

मग घरात बसून ठरवलं. आजारपणाचे पैसे कापायचे नाहीत. दरवर्षी पगारवाढ, आपल्याला मिळते तशी. बोनस त्यांच्या सणाला, म्हणजे दिवाळीला, आपल्या नाताळला नाही. आणि रविवारी सुट्टी. इतकी वर्षं आम्ही मिस्साला जायचो आणि मावशी आमची भांडी घासायच्या! आता रविवारची भांडी मी आणि पप्पा घासतो. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदाही आहे. त्याखाली नोंदणी करायला मदत करणं हेही आपलंच काम.

सगळं जमलं असं नाही. आमच्या वाडीत एक बावखल आहे. त्याच्यामुळे आजूबाजूच्या विहिरींना पाणी टिकतं. भावाला ते बुजवून गाडी लावायला जागा हवीय. पोप फ्रान्सिस यांचं २०१५ चं 'लौदातो सी' हे पत्र निसर्गाला सगळ्यांचं घर म्हणतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईसाठी लढा दिला, त्याचं आम्ही कौतुक करतो. पण जागा आपली असली की? वाद अजून चालू आहे.

मला कळलं ते एवढंच: या शिकवणीची परीक्षा तेव्हा होते, जेव्हा आपल्या खिशाला झळ बसते.

आज रात्री जेवताना घरच्यांना एक प्रश्न विचारा: आपल्याकडे काम करणाऱ्याला शेवटची पगारवाढ कधी दिली?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!