बेस गिटारसाठी घरचा ॲम्प्लिफायर

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

राहुलदेव बर्मन यांची गाणी आठवली की ढोलक, बोंगो, गिटार हे सारे कानात वाजू लागते. या साऱ्यांच्या खाली टोनी वाझ यांची बेस गिटार चालू असते, तिची आठवण मात्र सहसा कुणी काढत नाही. बेसचे असेच असते. ती वाजत असताना तिच्याकडे लक्ष जात नाही. थांबली की गाणे पोकळ वाटू लागते.

समजा, मुळशी तालुक्यात पौड-पिरंगुटकडच्या एखाद्या मुलाने ऑर्केस्ट्रासाठी बेस गिटार घेतली. पहिलाच प्रश्न येतो, ती वाजवायची कशावर? घरातल्या टेपरेकॉर्डरला जोडली तर स्पीकर फडफडतो. तयार ॲम्प्लिफायर घ्यायचा तर किंमत परवडत नाही. ज्याला सोल्डरचा डाग नीट देता येतो आणि मल्टिमीटर वापरता येतो, त्याने हा ॲम्प्लिफायर घरी करायला हरकत नाही. सुटे भाग पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात.

तो 'सॉलिड स्टेट' म्हणजे ट्रान्झिस्टरच्या तंत्राने चालणारा असावा. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लागला. त्याआधीच्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट खेळवावे लागतात. आपल्याला पस्तीसच्या आसपास पुरतात. शिवाय आता टीडीए ७२९४ सारख्या एकाच आयसीमध्ये मुख्य ॲम्प्लिफायर जवळजवळ पूर्ण बसलेला असतो. गिटारमधून येणारा दुबळा संदेश त्याच्यापर्यंत पोचवायला टीएल ०७२ या छोट्या आयसीचा प्रीॲम्प पुरतो. त्याची वीज मुख्य पुरवठ्यातूनच, एक रेझिस्टर आणि १५ व्होल्टचा झेनर डायोड लावून घ्यावी.

मग अवघड काय आहे? अवघड आहे तो वीजपुरवठा. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. म्हणजे तिची अर्धी लाट साधारण १२ मिलिसेकंद चालते आणि तेवढा वेळ स्पीकर सलग करंट ओढत राहतो. आपली वीज ५० हर्ट्झची. रेक्टिफायरमधून कपॅसिटर दर १० मिलिसेकंदांनी एकदा भरतो. मधल्या काळात स्पीकरला जे लागते ते कपॅसिटरच्या साठ्यातून जाते. पाण्याची टाकी लहान आणि नळ मोठा असावा तशी ही गत आहे. २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर मोठ्या आवाजात तेवढ्या वेळात दहाएक व्होल्ट उतरतात आणि स्वर फाटतो. १०,००० मायक्रोफॅरडचा लावला तर दोनच उतरतात. गाण्याच्या ॲम्प्लिफायरमध्ये चालून जाते ते बेसला चालत नाही, त्याचे कारण हे आहे.

ट्रान्सफॉर्मर २४-०-२४ व्होल्ट, ३ अँपिअरचा घ्यावा. २४ ला १.४१ ने गुणले आणि डायोडमध्ये पडणारा व्होल्ट वजा केला की धन आणि ऋण बाजूला प्रत्येकी ३३ व्होल्ट मिळतात. पुष्कळ जण जास्त 'वॅट'च्या मोहाने २८ व्होल्टचा घेतात. हा मोह वाडीवस्तीवर महाग पडतो. वीजमंडळाच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब असलेल्या घरात संध्याकाळी दिवे मंद होतात, तर मध्यरात्री भार उतरला की २३० चे २६० व्होल्टही होऊ शकतात. तेव्हा २८ चा ट्रान्सफॉर्मर ४४ व्होल्ट देईल आणि या आयसीची काम करतानाची मर्यादा ४० ची आहे. २४ चा ट्रान्सफॉर्मर अशा वेळीही ३८ च्या आत राहतो. जाहिरातीतले शंभर वॅट विसरावेत. ८ ओहमच्या स्पीकरवर खरे ४० ते ४५ वॅट मिळतात आणि घरच्या सरावाला ते भरपूर होतात. दोन स्पीकर समांतर जोडून मात्र ४ ओहम करू नयेत. करंट दुप्पट होतो.

जोरात वाजवताना आयसीमध्ये पंचवीस-तीस वॅट नुसती उष्णता होते. त्यासाठी पंखांची जाड ॲल्युमिनियमची हीट सिंक हवी. आयसीच्या पाठीवर ऋण बाजूचे व्होल्ट असतात, म्हणून मध्ये अभ्रकाची चकती आणि हीट सिंक कंपाउंड विसरू नये. आपल्याकडचा पावसाळा लक्षात घेऊन डाग दिल्यावर सर्किट बोर्ड साफ करावा व तांब्याच्या बाजूला वॉर्निशचा हात द्यावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गिटारच्या तारा केबलमधून ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. घुरघुर कमी व्हावी म्हणून तशी रचनाच असते. म्हणजे वाजवणाऱ्याची बोटे सतत त्या पत्र्यावर असल्यासारखीच असतात. त्या पत्र्यात वीज उतरली तर ती तारांत येते. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वानसी येथे 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वी याचा हात रंगमंचावर मायक्रोफोनला लागला आणि विजेच्या धक्क्याने त्याचा मृत्यू झाला. तो नामांकित व्यावसायिक कलावंत होता. आपल्याकडे तर तिसरी पिन तोडून प्लग बसवणारेही भेटतात आणि घुरघुर जावी म्हणून अर्थची वायर काढून ठेवणारेही. घुरघुर घालवायचा खरा उपाय वेगळा आहे. ॲम्प्लिफायरमधल्या सगळ्या ग्राउंडच्या वायरी एकाच बिंदूवर आणाव्यात. अर्थची वायर पत्र्याला स्वतंत्र बोल्टने आवळावी आणि ती कधीही काढू नये. फेजच्या वायरमध्ये १ अँपिअरचा 'स्लो ब्लो' फ्यूज घालावा.

पण घराचेच अर्थिंग चांगले नसेल तर तिसऱ्या पिनचा उपयोग किती? सह्याद्रीचा कातळ काळा आणि कठीण आहे. त्यावर माती थोडी. पावसात ओल असते तोवर अर्थिंग बरे असते, वैशाखात ते दगा देते. खड्डा खोल घ्यावा, कोळसा व मीठ भरावे आणि उन्हाळ्यात पाणी घालत राहावे. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा.

पहिल्यांदा चालू करताना स्पीकर जोडू नये. मेन्सच्या वायरीत १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये घ्यावा. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख जळत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करून शोधावे. नंतर आउटपुटला डीसी व्होल्ट मोजावेत. काही मिलिव्होल्टच असतील तरच स्पीकर लावावा. बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला राहतो. म्हणून प्रत्येकावर २.२ किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर कायम जोडावा आणि आत हात घालण्यापूर्वी मीटरने खात्री करावी.

पैसे कमी असतील तर पेटी जुन्या प्लायवूडची चालेल, बटणे साधी चालतील. ट्रान्सफॉर्मर, हीट सिंक आणि अर्थिंग यांत मात्र काटकसर करू नये. स्वर नंतर कधीही सुधारता येतो. या तीन गोष्टी पहिल्या दिवशीच नीट व्हायला हव्यात.