अहवाल येईपर्यंतचे दिवस

धार काय आणि देवास काय, मोठ्या आजाराची वाट आपल्या दोन्ही गावांतून इंदूरकडेच जाते. देवासहून ती तासाभराची, धारहून घाटाबिल्लोद-बेटम्यावरून जराशी लांब. गाठीचा तुकडा काढून झाला, डॉक्टर "आठ-दहा दिवसांनी या" म्हणाले, आणि मंडळी संध्याकाळच्या बसने घरी परतली, की त्या घरात जे दिवस सुरू होतात त्यांविषयी फारसे कोणी बोलत नाही. रोगाविषयी बोलतात, उपचारांविषयी बोलतात. पण रोग आहे की नाही हेच ठाऊक नसलेल्या या मधल्या काळाला आपल्याकडे धड नावही नाही. पुष्कळांना मात्र हाच काळ सर्वांत जड जातो.

हा काही भित्र्या मनाचा दोष नव्हे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ४५ व्यक्तींवर केलेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. संगणकावरील खेळात कोणत्या दगडाखाली साप आहे ते ओळखायचे. साप निघाला की हाताला विजेचा झटका. झटका बसणार हे नक्की ठाऊक असताना जेवढा ताण दिसला, त्याहून अधिक ताण बसेल की न बसेल अशी निम्मी-निम्मी शक्यता असताना आढळला. अंगावरचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून तो मोजला होता; म्हणजे तो केवळ सांगण्यापुरता नव्हता. घरातला कर्ता पुरुष वा आजवर खंबीर असलेली आई रात्री दोनला उठून ओसरीवर बसली, तर त्यात नवल वाटू नये.

त्यातून एक शंका हमखास डोके वर काढते: "इतके दिवस लागले, म्हणजे काहीतरी वाईटच निघाले असणार." प्रयोगशाळेत काय चालते हे कळले, तर ही शंका पुष्कळ अंशी निवते. काढलेला तुकडा प्रथम फॉर्मेलिनमध्ये मुरवावा लागतो. मग अल्कोहोलने त्यातले पाणी काढून तो मेणात बसवतात. मेणाच्या त्या ठोकळ्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ते काचेवर घेऊन रंगवतात, पेशींची केंद्रे निळी-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसू लागतो, आणि मगच तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो. हाडाचा तुकडा असेल तर तो आधी मऊ करावा लागतो. एवढ्याने निदान स्पष्ट झाले नाही, तर निराळी रंजके वापरून पुन्हा तपासणी करतात आणि आणखी काही दिवस जातात. तेव्हा उशीर हा बहुधा कामाचा असतो, निकालाचा नव्हे. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी विकृतिशास्त्राचा हा विभाग नावारूपाला आणला. रुग्णाला न पाहता त्याचे भवितव्य पाहणारी ही माणसे. घाई त्यांना परवडत नाही.

आता घराकडे वळू. "ताईंना काही सांगू नका हं," ही आपल्या घरांतली जुनी रीत. हेतू मायेचाच असतो, पण मला ती रीत मुळीच पसंत नाही. ती खोलीत आली की गप्पा थांबतात, फोन अंगणात जाऊन घेतला जातो, आवडीची भाजी एकाएकी रोज होऊ लागते; ताई काय समजायचे ते समजतात आणि दुसऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून स्वतःही गप्प राहतात. एका घरात चार माणसे चार कोपऱ्यांत एकच भीती बाळगून बसतात. यापेक्षा रात्री जेवणानंतर पाच मिनिटे उघड बोलावे आणि मग विषय मिटवावा. चौकशीला येणाऱ्यांना उत्तर देण्याचे काम एकाच माणसाकडे सोपवावे. "आमच्या नात्यात अगदी असेच झाले होते," अशी कथा सुरू होताच चहाचे निमित्त करून उठायलाही हरकत नाही.

"काळजी करू नकोस" या उपदेशाचा उपयोग किती? कॅलिफोर्नियातील संशोधकांनी वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची चार महिने वाट पाहणाऱ्या २३० पदवीधरांचा अभ्यास केला. काळजी दडपण्याच्या युक्त्यांनी ती फारशी कमी झाली नाही. उलट ज्यांनी ती सोसली, त्यांना वाईट निकाल अधिक नीट पेलता आला. पुढच्या अभ्यासांत मात्र एक आढळले: मन पूर्ण गुंतेल अशा कामात हे दिवस हलके होतात.

देवासकरांना याची निराळी साक्ष देण्याची गरज नाही. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व जानेवारी १९४८ मध्ये देवासला आले, तेव्हा त्यांना चोविसावे वर्ष चालू होते. डॉक्टरांनी गाणे बंद केले होते. पुन्हा गाता येईल की नाही याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. भानुमतीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. अंथरुणावरून ते माळव्यातल्या बायकांची गाणी आणि दारावरून जाणाऱ्या भिक्षेकऱ्यांची निर्गुणी भजने ऐकत राहिले. स्ट्रेप्टोमायसिन मिळाल्यावर प्रकृती सुधारली, ते पुन्हा गाऊ लागले, आणि त्या ऐकण्यातले पुष्कळ त्यांच्या गायनात उतरले. ती वर्षांची गोष्ट, आपली दिवसांची; शिवाय ती प्रतिभा सर्वांपाशी कोठून असणार? पण लोणच्याच्या कैऱ्या, अर्धवट विणलेला स्वेटर, नातवाचे गणित, यांतही मन गुंततेच.

शिवाय करण्याजोगी कामेही असतात. जुने कागद तारखेवार लावावेत, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून ठेवावेत. मेणाचा ठोकळा आणि काचा प्रयोगशाळेकडून मिळतील का, हे विचारून ठेवावे. मुंबईला दुसरे मत घ्यायचे झाले तर त्याच लागतात. झोप अजिबात येईनाशी झाली, छाती धडधडू लागली, तर १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, तेथे बोलता येते.

आणि अहवाल आता पुष्कळदा मोबाइलवर, रात्री-अपरात्री येऊन पडतो. तो घरी उलगडत बसू नये. त्यातले शब्द आपल्या समजुतीप्रमाणे चालत नाहीत. स्तनाच्या गाठीच्या अहवालात हार्मोनच्या तपासणीपुढे "पॉझिटिव्ह" लिहिलेले असले, तर त्याचा अर्थ उपचाराचा आणखी एक मार्ग उपलब्ध आहे असा होतो. सकाळची पहिली बस धरावी, बरोबर एक जाणते माणूस न्यावे, आणि तो डॉक्टरांकडूनच वाचून घ्यावा.