वाकलेला पुशरॉड आणि इंजिनातील नुकसानीची परीक्षा

पावसाळ्यात विहिरीवरील ऑइल इंजिन बहुधा बंदच असते. रब्बीच्या पहिल्या पाण्यासाठी ते सुरू करावे, तो थोड्याच वेळात खटखट आवाज होऊन ते थांबते. वरचे झाकण काढले की पुशरॉड वाकलेला दिसतो. बाजारातून नवा रॉड आणला जातो, बसविला जातो आणि इंजिन पुन्हा चालू केले जाते. नुकसान वाढते ते येथेच.

पुशरॉड आपणहून क्वचितच वाकतो. अनेक महिने उभ्या असलेल्या इंजिनात व्हॉल्व्हची दांडी गंजाने अथवा चिकट काजळीने गाइडमध्ये अडकते. कॅम पुशरॉडला वर ढकलतो, रॉकर व्हॉल्व्हला दाबतो, परंतु व्हॉल्व्ह हालत नाही. मग बारीक रॉडच वाकतो. मूळ दोष तसाच ठेवल्यास नवा रॉडही वाकेल, किंवा व्हॉल्व्ह उघडा राहून पिस्टन त्यावर आदळेल. मिनिटास ६५० फेरे घेणाऱ्या संथ इंजिनातही हा आघात सेकंदास दहाहून अधिक वेळा होऊ शकतो.

यासाठी प्रथम डिझेल बंद करावे. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून फ्लायव्हील हाताने सावकाश दोन फेरे फिरवावे व दोन्ही रॉकरांकडे लक्ष द्यावे. चाक एकाच जागी अडत असेल तर सिलिंडरात काहीतरी आहे असे समजावे; हँडल घालून जोर करू नये. नंतर रॉकर सैल करून व्हॉल्व्हची दांडी लाकडाने दाबावी. ती स्प्रिंगच्या बळाने तत्काळ वर आली पाहिजे. मंदपणे आल्यास गाइडमध्ये रॉकेल व तेल सोडून ती मोकळी करावी. नवा रॉड त्यानंतरच घालावा. तो बसल्यावर, डिझेल बंदच ठेवून, खटका खाली करून चाक फिरवावे. कॉम्प्रेशनवर चाक उसळून मागे आले तर व्हॉल्व्ह नीट बसत आहेत. वाकलेला रॉड तसाच असताना ही परीक्षा घेणे व्यर्थ आहे, कारण इनलेट न उघडल्यास आत हवाच जात नाही.

स्प्रिंग तुटली असेल, अथवा व्हॉल्व्ह धरून ठेवणाऱ्या दोन अर्धगोल चाव्यांपैकी एक सापडत नसेल, तर मात्र हेड उतरविण्यावाचून गत्यंतर नाही. पिस्टनच्या माथ्यावरील खुणा व व्हॉल्व्हच्या बैठकींमधील तडे पाहावेत. हेडच्या मार्गांत रॉकेल ओतावे. जेथून ते झिरपते तो व्हॉल्व्ह वाकला आहे किंवा त्याची बैठक बिघडली आहे. खालचे तेल स्वच्छ फडक्यातून गाळावे. लोहचुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे किंवा बिडाचे असतात. न चिकटणारे पांढरट तुकडे बहुधा अॅल्युमिनियमच्या पिस्टनचे. तेल दुधाळ झाले असल्यास त्यात पाणी उतरले आहे. जुन्या जीप वा ट्रॅक्टरच्या चार सिलिंडरांच्या इंजिनात तुटलेला तुकडा इनलेटच्या नळीतून शेजारच्या सिलिंडरातही जातो, म्हणून तेथे एकच सिलिंडर पाहून थांबू नये.

काही कारागीर पाहण्याआधीच संपूर्ण संच बदलण्यास सांगतात. ग्रामसेवकांनी अशा वेळी निकामी भाग शेतकऱ्यासमोर मांडून दाखविण्याचा आग्रह धरावा.

पुढील वर्षी इंजिन उभे करताना व्हॉल्व्हच्या दांड्यांवर थोडे तेल सोडावे, दर पंधरवड्यास चाक काही फेरे फिरवावे आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतील अशा बेताने, कॉम्प्रेशनच्या जागी, ते थांबवावे.