मंगल कार्यालय आणि कायदा – लेखांक ६ : इसाराचे पैसे कोणाचे?

औंढा नागनाथसारख्या तालुक्याच्या गावात मंगल कार्यालयाची तारीख अजूनही बऱ्याचदा तोंडी ठरते. मालकाच्या वहीत नाव लागते, इसाराचे काही हजार रुपये हातावर पडतात आणि व्यवहार झाला असे दोन्ही बाजू धरून चालतात. कायद्याच्या दृष्टीनेही तो झालेलाच असतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये करार कागदावरच हवा अशी सरसकट अट नाही. देणारा-घेणारा सज्ञान असावा, संमती मोकळी असावी, मोबदला आणि उद्देश कायदेशीर असावेत, एवढे पुरते. मंडपवाला, आचारी, बँडवाला, घोडेवाला, शूटिंगवाला यांच्या सुपाऱ्या अशाच दिल्या जातात आणि त्या वैध असतात. करार होता की नाही यावर भांडण क्वचितच होते. भांडण होते ते करारात नेमके काय ठरले होते यावर. आणि ते जवळजवळ नेहमी एकाच रकमेभोवती फिरते, ती म्हणजे इसार.

पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात एक वाक्य हमखास छापलेले असते : ‘ॲडव्हान्स कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.’ या वाक्याची ताकद मालकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी आहे. करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारात दंडाची किंवा जप्तीची रक्कम लिहिलेली असली, तरी करार मोडल्यावर दुसऱ्या बाजूला मिळते ती ‘वाजवी भरपाई’. लिहिलेली रक्कम ही त्या भरपाईची कमाल मर्यादा असते, हक्काचा आकडा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने फत्तेचंद विरुद्ध बाळकिशन दास (१९६३) या निकालात ही भूमिका घेतली, मौला बक्ष प्रकरणात (१९६९) ती पुढे नेली आणि कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) या निकालात स्पष्ट केले, की नुकसानच झाले नसेल तर कलम ७४ खाली भरपाईही नाही. ही प्रकरणे जमीन आणि सरकारी पुरवठ्याची होती, पण तत्त्व मंगल कार्यालयालाही तितकेच लागू पडते. सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल (२०१२) या निकालात न्यायालयाने आणखी एक भेद पक्का केला. व्यवहार पाळण्याची हमी म्हणून दिलेली रक्कम करारात तसे लिहिले असेल तर जप्त होऊ शकते. एकूण किमतीचा एक हप्ता म्हणून दिलेली रक्कम केवळ ‘जप्त’ म्हटल्याने जप्त होत नाही.

समजा, कार्यालयाचे भाडे ८०,००० रुपये आहे आणि इसार २५,००० रुपये दिला आहे. लग्न चार महिने आधी रद्द झाले आणि तीच तिथी दुसऱ्या कुटुंबाला त्याच भाड्याने गेली, तर मालकाचे नुकसान जवळपास शून्य. इथे पूर्ण २५,००० अडवून धरणे न्यायालयात टिकणे अवघड आहे. हेच लग्न चार दिवस आधी रद्द झाले, तिथी दाट होती आणि कार्यालय रिकामे राहिले, तर नुकसान ८०,००० च्या आसपासचे आहे आणि इसार ठेवून घेण्यात काहीच गैर नाही. मधल्या प्रकरणांत पुरावा बोलतो. त्या तिथीसाठी नंतर कोणी विचारणा केली का, कोणाला नकार दिला होता का, आचाऱ्याला किंवा सजावटवाल्याला पुढे किती रक्कम देऊन झाली होती, हे सगळे वहीत तारखेनिशी असले पाहिजे. नुकसान कमी करण्याचे जे उपाय हाताशी होते ते भरपाई ठरवताना विचारात घ्यावेत, असे कलम ७३ सांगते. तिथी रिकामी झाल्यावर ती पुन्हा लावण्याचा प्रयत्नच न करणाऱ्या मालकाची बाजू त्यामुळे कमकुवत होते.

यावर साधा तोडगा टप्प्यांचा आहे. लग्नाला तीन महिन्यांहून अधिक अवधी असताना रद्द केल्यास किरकोळ रक्कम कापून बाकी परत, महिनाभर आधी केल्यास निम्मी, शेवटच्या पंधरवड्यात केल्यास पूर्ण इसार जप्त, आणि तिथी पुन्हा गेली तर कपात आणखी कमी, असे बुकिंग फॉर्मवर ठळक मराठीत लिहून त्याखाली सही घेतली की वाजवीपणा दाखवायला मालकाला वेगळे काही करावे लागत नाही. सही कोणाची, हाही प्रश्न आहेच. अनेक लग्नांत खर्च दोन्हीकडून निम्मा-निम्मा वाटला जातो, पण बुकिंग करायला येतो मुलीचा मामा. सोयरीक मोडली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कायद्याच्या दृष्टीने ज्याने करार केला तो जबाबदार. दोन्ही पक्ष बांधायचे असतील तर दोन्हीकडच्या जबाबदार माणसांच्या सह्या हव्यात. करार योग्य मुद्रांकावर केलेला चांगला. तसा नसला म्हणून तो रद्द होत नाही, मात्र न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करताना कमी पडलेले शुल्क दंडासह भरावे लागू शकते. व्हॉट्सॲपवरचे ‘ठीक आहे, तारीख पक्की’ हेही पुराव्यात येते. त्यासाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यामुळे फोन बदलताना जुने संदेश पुसून टाकणे महागात पडू शकते.

कोणाचाच दोष नसताना लग्न अडले तर काय, याचा धडा २०२० मध्ये सगळ्या राज्याने घेतला. मार्चअखेर देशभर टाळेबंदी लागली आणि एप्रिल-मेच्या तिथी जागच्या जागी थांबल्या. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, महाराष्ट्रात लग्नाला फक्त २५ माणसे आणि दोन तासांची मुदत, मोडल्यास ५०,००० रुपये दंड, असा आदेश आला. करार पार पाडणेच अशक्य किंवा बेकायदा झाले तर करार अधिनियमाच्या कलम ५६ नुसार तो रद्दबातल होतो आणि कलम ६५ नुसार ज्याने लाभ घेतला त्याने तो परत करायचा असतो. इसार हा असाच लाभ. मात्र अशा प्रसंगी काय करायचे हे करारात आधीच लिहिले असेल, तर सामान्यतः त्या अटीप्रमाणे निकाल लागतो. म्हणूनच ‘सरकारी आदेश, पूर, साथ अशा कारणाने कार्यक्रम अशक्य झाल्यास वर्षभरात दुसरी तारीख, नाहीतर झालेला खर्च वजा करून रक्कम परत’ ही एक ओळ फॉर्मवर असणे फार मोलाचे आहे.

अवकाळी पाऊस कलम ५६ मध्ये सहसा बसत नाही. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात वादळ आणि गारपीट होते हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. खर्च वाढला किंवा गैरसोय झाली म्हणजे करार अशक्य झाला असे होत नाही. लॉनवर लग्न असेल तर पत्र्याचा किंवा पाणी न गळणारा मंडप कोण देणार, हे आधीच ठरवावे. सुतकाचे तसेच. घरात मृत्यू झाल्यास लग्न पुढे ढकलणे ही रीत आहे, पण करार अधिनियमाच्या चौकटीत ते ग्राहकाने रद्द करणेच ठरते. गावातले जाणते मालक अशा वेळी इसार न कापता दुसरी तिथी देतात. ते योग्यच आहे, आणि ते फॉर्मवर लिहून ठेवले तर उपकाराचा प्रश्नही उरत नाही.

मालकाकडूनच करार मोडला गेला तर पारडे फिरते. एकाच तिथीला दोघांची नावे लागणे, ऐनवेळी जनरेटर बंद पडणे, ठरल्यापेक्षा कमी खोल्या देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आहे. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने ग्राहकाला एक मोठी सोय दिली : तक्रार त्याच्या स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. वरपक्ष नांदेडचा असेल आणि पैसे त्यानेच भरले असतील, तर औंढ्याच्या मालकाला नांदेडच्या जिल्हा आयोगासमोर उभे राहावे लागू शकते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. आयोग इसार परत करायला सांगून थांबत नाही. मनस्ताप आणि तक्रारखर्चाचीही रक्कम लावतो, आणि लग्नासारख्या पुन्हा न होणाऱ्या प्रसंगात मनस्तापाचा मुद्दा हलका धरला जात नाही. ‘व्यवस्थापन कोणत्याही गैरसोयीस जबाबदार राहणार नाही’ या पाटीचा इथे फारसा उपयोग होत नाही. उलट सरळसरळ एकतर्फी अटी ‘अनुचित करार’ म्हणून राज्य आयोगापुढे रद्द होऊ शकतात. बिल मागूनही न देणे हीही या कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा आहे.

इसार घेण्याआधी पाहण्याची एक गोष्ट मात्र पैशाच्या पलीकडची आहे : वधू-वरांचे वय. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा हवा. मराठवाड्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत मुलीचे लग्न लवकर उरकण्याचा दबाव अजून आहे. कलम १० नुसार बालविवाह लावणारा, घडवून आणणारा किंवा त्याला साथ देणारा, आणि कलम ११ नुसार त्याला चालना किंवा परवानगी देणारा, या सर्वांना दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. कार्यालयाचा मालक, मंडपवाला, आचारी, भटजी हे या जाळ्याबाहेर आहेत असे समजून चालू नये. कलम १० मध्येच बचावही दिला आहे : हा बालविवाह नाही असे मानायला आपल्याकडे कारण होते, हे आरोपीने सिद्ध करायचे. कागद नसेल तर ते सिद्ध होणार नाही. जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला पाहून त्याची प्रत फॉर्मला जोडावी. आधार कार्डावर विसंबू नये. ते वय ठरवण्याचा पुरावा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हटले आहे. वय मोजायचे ते लग्नाच्या दिवशीचे, बुकिंगच्या दिवशीचे नव्हे. शंका आली तर गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आवाजाचे नियम सगळ्यांना ठाऊक असतात आणि सर्रास मोडलेही जातात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो वाजवता येत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. महाशिवरात्रीच्या यात्रेत आणि श्रावणी सोमवारी औंढ्याचे रस्ते भाविकांनी भरलेले असतात. महाशिवरात्र लग्नसराईतच येते, तेव्हा त्या दिवसांची वरात, तिचा मार्ग आणि वेळ पोलीस ठाण्याशी आधी बोलून ठरवलेली बरी. डीजे लावतो पाहुणा, पण कार्यालयाच्या आवारातल्या आवाजासाठी पोलीस आधी मालकाला शोधतात. फॉर्मवर या संदर्भात एक अट आणि पाहुण्याची सही हवी.

गाण्यांच्या हक्कांबद्दल मात्र बरीच भीती विनाकारण आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात वाजवलेले संगीत हक्कभंगातून वगळले आहे आणि त्याच्या स्पष्टीकरणात वरात व लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळे धरले आहेत. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून याची आठवण दिली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढून हॉटेलांनी अशा लग्नांत परवाना किंवा रॉयल्टी मागू नये असे सांगितले, तेव्हा ध्वनिमुद्रणांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्था न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द केले. रद्द झाले ते परिपत्रक. कलमातली सूट कायम आहे. सूट लग्नाला आहे. त्याच लॉनवर तिकीट लावून भरवलेल्या संगीतरजनीला किंवा कंपनीच्या स्नेहमेळाव्याला ती लागू नाही, तिथे परवाना लागतो.

पैशाबाबत एक नियम अनेकांना उशिरा कळतो. एका व्यक्तीकडून एका प्रसंगासाठी दोन लाख किंवा अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. ती हप्त्याहप्त्याने घेतली तरी हिशेब एकत्रच होतो आणि दंड रोख घेतलेल्या रकमेइतकाच असतो. तोही देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी आलीच, आणि सेवेच्या बाबतीत इसार हाती पडला की त्यावरचा कर लागू होतो. लग्न रद्द होऊन इसार परत केला तर परताव्याची पावती फाडल्याशिवाय भरलेल्या कराचा मेळ बसत नाही. पैशाबरोबर जेवणावळीचेही नियम पाळावेत. जेवणासाठी घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर वापरू नयेत, १९ किलोचे व्यावसायिकच घ्यावेत. वाढप्यांत १४ वर्षांखालचे मूल असू नये. आचाऱ्याकडे अन्नसुरक्षा नोंदणी किंवा परवाना आहे की नाही हे जेवणावळीआधी पाहावे.

शेवटी थकबाकी. लग्न उरकल्यावर उरलेल्या भाड्याचा धनादेश दिला जातो आणि तो परत येतो, हे नेहमीचेच. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली बँकेकडून धनादेश परतल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एक महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते. ओळखीपाळखीत ‘देतो, देतो’ ऐकत ही मुदत टळली, तर वसुलीचा दिवाणी दावा उरतो आणि त्यालाही साधारण तीन वर्षांची मर्यादा आहे. ग्राहकाला आयोगाकडे जायला दोन वर्षे मिळतात. तेव्हा बुकिंग फॉर्म, पावत्या, दाखल्यांच्या प्रती आणि तिथ्यांची वही लग्नानंतर किमान तीन वर्षे फाडू नये. जीएसटीची नोंदणी असेल तर करविषयक कागद त्याहून बरीच जास्त, सुमारे सहा वर्षे जपावे लागतात.