नॅलॉक्सोन : एका निषेधक द्रव्याची प्रमाणता

अफूच्या चिकातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झेर्ट्युर्नर या जर्मन औषधशास्त्रज्ञाने जे द्रव्य वेगळे केले, त्यास मॉर्फिअस या ग्रीक स्वप्नदेवतेचे नाव मिळाले. नॅलॉक्सोन या नावास असा पुराणाधार नाही. नॉरऑक्सिमॉर्फोनच्या नायट्रोजनवर ॲलिल गट बसविल्याने होणाऱ्या द्रव्याच्या रासायनिक नावाचेच ते आखडलेले रूप होय. ऑक्सिमॉर्फोन हे प्रबळ वेदनाशामक. परंतु त्यातील मेथिल गटाच्या जागी ॲलिल येताच तेच अफूवर्गीय क्रियेचे प्रतिरोधक बनते. प्रत्यय पालटून अर्थ उलटावा, तसाच हा प्रकार आहे. ते ग्राहीस्थानी बसते, मात्र ग्राहीस चेतवीत नाही. नुसती जागा अडविते.

या अडवणुकीतूनच ज्ञान निष्पन्न झाले. १९७३ साली पर्ट व स्नायडर यांनी ट्रिटियमने अंकित केलेले नॅलॉक्सोन उंदराच्या मेंदूच्या ऊतीशी संयोग पावते असे दाखविले. लेव्हॉर्फनॉल त्यास तेथून सहज हटवी. त्याचेच आरशातील प्रतिबिंब असलेले डेक्स्ट्रॉर्फन मात्र जवळजवळ निष्प्रभ ठरे. म्हणजे हा संयोग आकारसापेक्ष होता, कोठेही चिकटणे नव्हे. १९७५ साली ॲबर्डीन येथे ह्यूज व कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफालिने मिळविली. त्यांच्यामुळे उंदराच्या रेतोवाहिनीचे आकुंचन मंदावे, आणि नॅलॉक्सोन दिल्यास पूर्ववत होई. ती मॉर्फीनसारखी आहेत हे ठरविण्यात या परीक्षेचा मोठा वाटा होता.

तथापि येथे व्याप्तीचा दोष सहज शिरतो. नॅलॉक्सोनचे आकर्षण म्यू ग्राहीशी सर्वाधिक. डेल्टा व कप्पा अडविण्यास मात्रा अधिक लागते. म्हणून मोठ्या मात्रेने क्रिया थांबली, एवढ्यावरून ग्राही कोणता हे कळत नाही. अल्प मात्रेने थांबली नाही, म्हणून कप्पाचा संबंध नाही असेही म्हणता येत नाही. १९७८ साली लेव्हिन, गॉर्डन व फील्ड्स यांना दाढ काढलेल्या रुग्णांत असे आढळले की, औषधरहित मात्रेने ज्यांना आराम पडला त्यांची वेदना नॅलॉक्सोनने वाढली. नॅलॉक्सोन स्वतःच वेदना वाढवीत असेल काय, हा आक्षेप त्यावर लागलीच निघाला, आणि तो रास्त होता. केवळ द्रावक दिलेला तुलनागट पुरेसा नाही. प्रतिरोधक एकटाच दिलेला गटही हवा.

प्रयोगशाळेस पुरविल्या जाणाऱ्या कुपीवर ‘केवळ संशोधनार्थ’ असे लिहिलेले असते, व ती रुग्णासाठी नव्हे. रुग्णालयातील नॅलॉक्सोन निराळ्या नियमांखाली तयार होते. तेथेही त्याचा प्रभाव अनेक अफूवर्गीय द्रव्यांच्या आधी ओसरतो, आणि सावरलेल्या रुग्णाचा श्वास पुन्हा मंदावू शकतो.