प्रांताचा खेळाडू कोणास म्हणावे?
जन्म, निवास आणि नोकरी : पात्रतेच्या तीन कसोट्या

थायलंडमधील उडॉन थानी येथे ८ फेब्रुवारी २००६ रोजी हर्क्युलिस जातीच्या पाच विमानांतून उड्या घेतलेल्या ४०० पॅराशूटधारी स्त्री-पुरुषांनी, छत्र्या उघडण्यापूर्वी, आकाशातच एकमेकांना धरून एक भव्य आकृती साकारली. ती आकृती जेमतेम सव्वाचार सेकंद टिकली. तथापि तेवढ्याने जागतिक विक्रम प्रस्थापित झाला. या चारशे जणांत ३१ देशांचे नागरिक होते. विक्रम जगाचा असल्यामुळे कोण कोठला, हा प्रश्न तेथे उपस्थित होण्याचे कारण नव्हते.

हाच विक्रम एखाद्या प्रांताच्या नावे करावयाचा झाल्यास मात्र गोष्ट बदलते. अमेरिकेत अशा उड्यांच्या राज्यवार विक्रमांची नोंद ठेवण्यात येते. राज्याचा विक्रम म्हणजे राज्याच्या आकाशात झालेला विक्रम, की राज्याच्या रहिवाशांनी केलेला विक्रम? रहिवाशांनी केलेला म्हणावा, तर रहिवासी कोणास म्हणावे? साठ जणांच्या आकृतीत एक जण शेजारच्या राज्याचा निघाला, तर विक्रम एकोणसाठांचा धरता येईल काय? मुळीच नाही, कारण जाहीर केलेली आकृती साठांची होती आणि प्रत्येकाचा हात दुसऱ्याच्या हातात होता. एकाची अपात्रता तेथे सर्वांची अपात्रता ठरते. म्हणून विमानात पाऊल ठेवण्यापूर्वीच यादी तपासून घ्यावी लागते.

आकाशातील हा खेळ आपल्याकडील गावोगावच्या मुलांना अद्याप दूरचा आहे. परंतु प्रांताच्या नावे खेळण्यास पात्र कोण, हा प्रश्न त्यांच्या अगदी उंबरठ्याशी आहे. गोवा, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद या ठिकाणी पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांत आजोळ एका राज्यात, शाळा दुसऱ्यात आणि वडिलांची नोकरी तिसऱ्यात, असा प्रकार नवा नाही. अशा घरातील मुलाची निवड चाचणीच्या वेळी कागदपत्रांपायी ओढाताण होते. या प्रश्नाची उत्तरे शोधण्याचा सर्वांत दीर्घ अनुभव क्रिकेटच्या गाठी असल्याने त्या खेळाचा इतिहास येथे उपयोगी पडेल.

इंग्लंडमध्ये काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. एकोणिसाव्या शतकात काउंटी संघांचे सामने रंगू लागले, तेव्हा कोणी कोठून खेळावे याला धरबंध नव्हता. जेम्स सदर्टन हा गोलंदाज जन्माने ससेक्सचा आणि वास्तव्याने सरेचा. तो या दोन्ही काउंट्यांकडून तर खेळेच, शिवाय हॅम्पशरकडूनही खेळे. (हाच सदर्टन पुढे १८७७ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्लंडच्या पहिल्या कसोटी संघात होता. पदार्पणाच्या वयाचा त्याचा विक्रम अद्याप अबाधित आहे.) आज ज्याच्याकडून खेळायचे, उद्या त्याच्याच विरुद्ध उभे राहायचे, हा प्रकार फार काळ चालणे शक्य नव्हते.

१८७३ मध्ये काउंट्यांनी एकत्र येऊन नियम ठरविले. एका हंगामात एकाच काउंटीकडून खेळावे. जन्म एका काउंटीत आणि वास्तव्य दुसरीत असेल, तर हंगामाच्या प्रारंभी खेळाडूने दोहोंपैकी एक निवडावी. वास्तव्याच्या आधारे पात्र ठरण्यासाठी लगतची दोन वर्षे त्या काउंटीत राहिलेले असले पाहिजे. याखेरीज आणखी एक कलम होते, व ते आपल्या वाचकांना विशेष जवळचे वाटेल : खेळाडूच्या कुटुंबाचे घर ज्या काउंटीत आहे आणि त्या घराचे दार अधूनमधून येऊन राहण्यासाठी त्याला उघडे आहे, त्या काउंटीकडूनही त्याला खेळता येत असे. नोकरीनिमित्त मुंबईला असलेला आणि चतुर्थीला गावच्या घरी येणारा गोमंतकीय या कलमात सहज बसला असता. वाद उद्भवल्यास निर्णय मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या समितीने द्यावयाचा होता. नियम करणाऱ्यांनी निर्णय कोण देणार हेही त्याच वेळी ठरविले, हा त्यांचा शहाणपणा म्हटला पाहिजे. आजही अनेक क्रीडासंस्थांच्या नियमांत हीच उणीव आढळते.

नियमाची झळ

नियम चांगला असला तरी तो कोणाला तरी लागतोच. वॉल्टर हॅमंड याचा जन्म १९०३ मध्ये केंट काउंटीतील डोव्हर येथे झाला. शिक्षण मात्र ग्लॉस्टरशरमध्ये झाले आणि १९२० पासून तो ग्लॉस्टरशरकडून खेळू लागला. केंटचे सर्वेसर्वा लॉर्ड हॅरिस यांनी त्याच्या पात्रतेस हरकत घेतली. १८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले ते हेच हॅरिस होत. चौकशीत हॅमंडचे वास्तव्य नियमात बसत नसल्याचे ठरले आणि १९२२ चा जवळजवळ सारा हंगाम एकोणीस वर्षांच्या त्या तरुणाला मैदानाबाहेर काढावा लागला. पुढे तो इंग्लंडचा कर्णधार झाला, हे खरे. परंतु असा एक हंगाम वाया गेल्यावर पुन्हा उभा न राहिलेला खेळाडू इतिहासात नोंदला जात नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

टॉम ग्रेव्हनी याची कथा अशीच आहे. ग्लॉस्टरशरशी बिनसल्यावर तो वूस्टरशरकडे गेला, तेव्हा त्याचे वय तिशीच्या पुढे होते आणि इंग्लंडचा नामवंत फलंदाज म्हणून त्याची ख्याती होती. तरीसुद्धा १९६१ च्या हंगामात निवासाची अट पुरी होईपर्यंत त्याला काउंटी स्पर्धेबाहेर बसावे लागले. गमतीची गोष्ट अशी की, ज्या ग्लॉस्टरशरने त्याला सोडण्यास नकार दिला, तेथला तो जन्माने नव्हताच; त्याचा जन्म पार उत्तरेकडील नॉर्थम्बरलंडमधला.

जन्माची कसोटी सर्वांत कडकपणे पाळली ती यॉर्कशरने. काउंटीच्या हद्दीत जन्मलेल्यासच संघात घ्यावयाचे, हा तेथील प्रघात. पुत्र यॉर्कशरचा ठरावा म्हणून प्रसूतीसाठी पत्नीला हद्दीच्या आत नेल्याच्या कथा तेथे आवडीने सांगितल्या जात. आपल्याकडे बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत आहे. यॉर्कशरचा नियम येथे लागू केला असता, तर निम्मे खेळाडू आजोळच्या संघात गेले असते! आणि ज्या लॉर्ड हॉक यांच्या नेतृत्वाखाली यॉर्कशरचा दबदबा निर्माण झाला, ते स्वतः लिंकनशरमध्ये जन्मलेले होते. मानकऱ्याला नियम वेगळा, हा अनुभव केवळ आपल्याच देशातला नाही, एवढेच यावरून म्हणता येईल.

१९९२ मध्ये हा प्रघात मोडला आणि यॉर्कशरने पहिला परदेशी खेळाडू घेतला, तो एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. त्याच सुमारास हद्दीबाहेर जन्मलेल्या, परंतु यॉर्कशरमध्येच वाढलेल्या मुलांनाही दार उघडले. नऊ वर्षांचा असताना लँकेशरमधून शेफील्डला राहावयास आलेला मायकेल वॉन १९९३ मध्ये यॉर्कशरकडून खेळू शकला, तो यामुळेच. २००५ मध्ये इंग्लंडला ॲशेस मालिका जिंकून देणारा कर्णधार तोच. तो वर्षभर आधी वयात आला असता, तर त्याच्या शाळेतल्या मैदानालगतच्या संघाचे दार त्याला बंदच राहिले असते.

संस्थानांची चाकरी

भारतात रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली, तेव्हा जन्म आणि निवास यांच्या जोडीला तिसरी कसोटी आपोआप आली. ती म्हणजे नोकरी. संस्थानिकांनी खेळाडूंना पदरी ठेवले, हुद्दे दिले आणि संघ उभे केले. नागपूरला जन्मलेले कर्नल सी. के. नायडू होळकर संस्थानच्या सेवेत गेले आणि इंदूरचेच होऊन राहिले. सागरचे चंदू सरवटे, मुंबईचे खंडू रांगणेकर, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर हे होळकर संघातून खेळले. त्या संघात अस्सल इंदूरचे मुश्ताक अली होतेच. चौदा वर्षांच्या आयुष्यात या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला व सहा वेळा उपविजेतेपद मिळविले. बडोद्याची रीत निराळी नव्हती. १९४७ च्या मार्च महिन्यात बडोद्यातच होळकर संघाविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यात सांगलीचे विजय हजारे (२८८) आणि लाहोरचे गुल महंमद (३१९) यांनी बडोद्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. बडोद्याला आजही ती आपलीच वाटते, आणि त्यात वावगे काही नाही.

त्याआधी दोन वर्षे, मार्च १९४५ मध्ये, मुंबईतील अंतिम सामन्यात होळकर संघाकडून डेनिस कॉम्प्टन खेळला. इंग्लंडचा हा कसोटीवीर युद्धकाळात इंदूरजवळच्या महू छावणीत सैनिकी सेवेत होता. जिंकण्यासाठी ८६७ धावा हव्या असताना त्याने नाबाद २४९ धावा काढल्या. होळकर संघ ३७४ धावांनी हरला. कॉम्प्टन इंदूरचा होता काय? जन्माने नाही, मनाने नाही, कायमच्या वास्तव्यानेही नाही. नेमणूक तेथे होती, इतकेच. तरी त्या दिवशी त्याने इंदूरसाठी जे केले ते खोटे म्हणता येत नाही.

संस्थाने गेली, पण नोकरीची कसोटी टिकून आहे. सेनादल व रेल्वे यांचे संघ म्हणजे भूमी नसलेले प्रांतच. २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत पदकतालिकेत महाराष्ट्रानंतर दुसरे स्थान सेनादलाने पटकावले, हे अनेकांच्या स्मरणात असेल.

सरहद्द आणि संघटना

येथे एक घोटाळा स्पष्ट केला पाहिजे. क्रिकेटमधील प्रांत आणि राज्य यांच्या सीमा जुळत नाहीत. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे तीन संघ आहेत. गुजरातमध्ये गुजरात, बडोदा व सौराष्ट्र असे तीन. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. तेथे १९५० मध्ये जन्मलेल्या गृहस्थांच्या दाखल्यावर राज्याचे नाव एक आणि आज ते गाव ज्या राज्यात आहे त्याचे नाव दुसरे. त्यांच्या नातवाचा जन्मगाव आणि निवास मात्र आजच्या सीमेप्रमाणे पाहिला जाईल. सरकारी नोकरीसाठी लागणारा रहिवासाचा दाखला आणि क्रीडासंघटनेची पात्रता या दोन भिन्न बाबी आहेत. एक हाती असल्याने दुसरी आपोआप मिळते असे समजू नये.

एका संघटनेकडून दुसरीकडे जावयाचे झाल्यास पहिलीचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. अर्जुन तेंडुलकर याने असे प्रमाणपत्र मुंबईकडून घेतले आणि डिसेंबर २०२२ मध्ये पर्वरी येथे राजस्थानविरुद्ध गोव्याकडून रणजी पदार्पणातच शतक झळकाविले. यशस्वी जयस्वाल यानेही २०२५ मध्ये गोव्याकडे येण्यासाठी मुंबईकडे प्रमाणपत्र मागितले. नंतर विचार बदलून मुंबईतच राहण्याची अनुमती मिळविली. गोव्याने १९८५-८६ मध्ये रणजी स्पर्धेत प्रवेश केला. तेव्हापासून बाहेरून आलेल्या खेळाडूंमुळे संघाला बळ मिळते, की पेडण्याच्या वा काणकोणच्या मुलाची जागा जाते, हा वाद येथे चालूच आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पाहुण्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालणे हा त्यावरील व्यवहारी तोडगा होय.

पात्रतेची तपासणी सामन्यानंतर झाली म्हणजे काय होते, याचे उदाहरण बडोद्यातच घडले. सप्टेंबर २०१८ मध्ये विजय हजारे करंडक स्पर्धेत नव्याने दाखल झालेल्या पुदुच्चेरीच्या संघाने तेथे मणिपूरला हरविले. त्यानंतर त्यांच्या आठ खेळाडूंची पात्रता काढून घेण्यात आली आणि सामनाच रद्द ठरविण्यात आला. उरलेल्यांनी काढलेल्या धावा, घेतलेले बळी, सारे पुसले गेले. आकाशातील साठांच्या आकृतीबद्दल प्रारंभी जे म्हटले, तेच येथे जमिनीवर झाले.

शाळेच्या पातळीवर यातील बराचसा भाग मुख्याध्यापकांच्या हाती असतो. प्रवेशाच्या वेळी जनरल रजिस्टरमध्ये जन्मगाव, तालुका व जिल्हा जन्मदाखला समोर ठेवूनच लिहावे. पालकांच्या सांगण्यावरून आजोळाचे वा मूळ गावाचे नाव घालू नये. शाळा सोडल्याचा दाखला देताना प्रवेशाची व सोडल्याची अशा दोन्ही तारखा स्पष्ट असाव्यात, कारण अमुक वर्षे मुलगा येथेच राहत होता याचा तोच पहिला लेखी पुरावा ठरतो. पालकांनी या दाखल्याची मूळ प्रत चाचणीच्या ठिकाणी कोणाच्या स्वाधीन करू नये. साक्षांकित प्रत द्यावी आणि पोच घ्यावी.